परत चाळीस, पुरे

स्वेटरच्या कारखान्यात विणायचं काम यंत्रं करत, पण काय विणायचं ते यंत्रांना सांगायचं काम सहा बायका करत. त्या बसायच्या त्या खोलीला सगळे लिखाणखोली म्हणायचे. लांबट खोली, भिंतीला लावलेली सहा टेबलं, सहा जुने कॉम्प्युटर, आणि भिंतीपलीकडे यंत्रांची अशी खडखड, की नवी आलेली बाई पहिला महिनाभर घरी गेल्यावरही ओरडूनच बोलायची.

धाकटीला या खोलीत आणलं तिच्या थोरल्या जावेनं. थोरले दीर अचानक गेले तेव्हा थोरलीच्या पदरात तीन वर्षांची मुलगी होती. तिनं कारखान्यात नोकरी धरली आणि चार वर्षांत लिखाणखोलीत तिच्या हाताखाली बाकीच्या शिकू लागल्या. धाकटी लग्न होऊन घरात आली, त्याला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा थोरली तिला म्हणाली, "घरात बसून फरशा मोजणार आहेस का? डोकं आहे तुला. चल माझ्याबरोबर." तेव्हापासून दोघी एकाच वेळी घराबाहेर पडायच्या, शेजारशेजारच्या टेबलांवर बसायच्या. घरातली थोरली-धाकटी ही नावं कारखान्यातही रुळली. पगारपत्रकावर दुसरी नावं होती, पण त्या नावांनी हाक मारली असती तर दोघींनीही मागं वळून पाहिलं नसतं.

आता त्या लिखाणाविषयी सांगायला हवं. यंत्राला एक भाषा कळायची. यंत्र बनवणाऱ्यांनीच ती ठरवली होती आणि ठरवताना फार डोकं चालवलं नव्हतं. विणणारा डबा, ज्याला सगळे कॅरेज म्हणत, तो एकदा डावीकडून उजवीकडे गेला की एक फेरा. त्या फेऱ्याची एक ओळ लिहायची: कुठल्या सुईपासून कुठल्या सुईपर्यंत, कुठला टाका, कुठला धागा. परत येतानाच्या फेऱ्याची दुसरी ओळ. स्वेटरची नुसती पाठ चारशेच्या वर फेऱ्यांची. मधले चाळीस फेरे अगदी सारखे असले तरी चाळीस वेळा लिहायचे, कारण त्या भाषेला ‘पुन्हा’ हा शब्दच ठाऊक नव्हता. आणि सहा मापांचा स्वेटर असेल तर तेच सगळं सहा वेळा. दोनशे अकराव्या ओळीत एक सुई चुकली, तर खालच्या सगळ्या ओळी तपासत बसायचं.

थोरलीला ती भाषा वाचताच यायची. म्हणजे आपण पत्र वाचतो तशी. ओळींवरून बोट फिरवत जायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "इथं खांदा ओढला जाणार." यंत्रावर विणून पाहिलं, की खांदा ओढलेलाच निघायचा. फिटरसुद्धा तिला विचारल्याशिवाय नवीन नमुना यंत्रावर चढवायचा नाही. पण इतकी वर्षं ओळी लिहून तिचा उजवा खांदा आखडला होता. वेणी घालायला हात वर जायचा नाही. रोज सकाळी धाकटी तिची वेणी घालून द्यायची, मग दोघी निघायच्या.

धाकटीला हे काम यायचं, पण आवडायचं नाही. तेच तेच लिहिताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा. "मी मुळात आळशी आहे," असं ती सगळ्यांना मोकळेपणानं सांगायची, आणि थोरली म्हणायची, "आळशी नाहीस, उतावळी आहेस. ते जास्त वाईट."

घर एकच. खाली धाकटी आणि तिचा नवरा, तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. वर थोरली आणि तिची मुलगी. स्वयंपाक एकत्र, खालच्या घरात. मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती, दुसऱ्या वर्षाला होती, पण घरात तिला अजून सगळे बबडीच म्हणायचे. धाकटीला मूल झालं नाही. बबडीचा अभ्यास, बबडीची सर्दी, बबडीच्या मैत्रिणींची भांडणं, हे सगळं खालीच व्हायचं. वर ती फक्त झोपायला जायची.

एका संध्याकाळी बबडी परीक्षेसाठी मोठ्यानं वाचत होती आणि धाकटी शेजारी बसून मटार सोलत होती. बबडी वाचत होती ते असं, की एखादी गोष्ट दहा वेळा करायची असेल तर ती एकदाच लिहायची आणि दहा वेळा कर म्हणून सांगायचं. एखादा तुकडा सारखा लागत असेल तर त्याला नाव द्यायचं आणि पुढं नुसतं नाव घ्यायचं. नावाबरोबर एखादा आकडा द्यायचा, की तो तुकडा त्या आकड्याप्रमाणे लहानमोठा होतो.

धाकटीचा हात थांबला. "थांब जरा. बाही एकदाच लिहायची?"

"कसली बाही?"

"स्वेटरची गं. बाही एकदा लिहून ठेवायची आणि मग नुसतं म्हणायचं, बाही अडतीस, बाही चाळीस?"

"हो," बबडी म्हणाली. "पण हे आमच्या भाषेत चालतं. तुमच्या यंत्राला नाही कळायचं."

"मग यंत्राच्या भाषेत हे घालायचं."

"काकू, यंत्राची भाषा आपण कशी बदलणार? ती यंत्राच्या आत असते." बबडी थोडा वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "पण मध्ये एक प्रोग्राम बसवता येईल. तू लिही तुझ्या पद्धतीनं, थोडक्यात. तो प्रोग्राम ते वाचेल आणि यंत्राला हव्या तशा चारशे ओळी उलगडून देईल. यंत्राला कळणारही नाही."

त्या दिवशी मटार तसेच राहिले.

पुढचे सात महिने दर रविवारी दुपारी काकू-पुतणी बबडीच्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. कॉलेजच्या भाषेतून काय उचलायचं आणि काय सोडायचं, यावरून दोघींची चांगली जुंपायची. कॉलेजच्या भाषेत तुकडा सुरू झाला की एक महिरपी कंस आणि संपला की दुसरा. कारखान्यातल्या पाच कीबोर्डांवर ती कळ मोडलेली. शिवाय धाकटी म्हणाली, कंस बघून आमच्या बायका घाबरतील, आम्ही बोलतो तसं लिहिता आलं पाहिजे. म्हणून कंसांच्या जागी शब्द आले. चाळीस वेळा करायचं असेल तर लिहायचं ‘परत चाळीस’, मग त्या ओळी, आणि शेवटी ‘पुरे’. शेजारीण दाराशी येऊन काय चाललंय विचारायची, तर आतून दोघींचा आवाज, "पुरे कुठाय? पुरे लिहिलंच नाहीस!" ती बिचारी तशीच परत जायची.

पहिल्यांदा यंत्रावर चढवलं तेव्हा सगळा पुढचा भाग एक सुई सरकलेला निघाला. कॉलेजची भाषा शून्यापासून मोजते, यंत्र एकपासून. ते दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा चढवलं तेव्हा मोठाच आवाज झाला, यंत्र अडलं, वीस-बावीस सुया वाकल्या. फिटर लालबुंद होऊन खोलीत आला. "कुणाचं हे लिखाण? सुया काय झाडाला लागतात?"

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. थोरली उठली, चष्मा लावला, प्रोग्रामनं उलगडलेल्या ओळी कागदावर काढायला सांगितल्या आणि बोट फिरवत गेली. पाच मिनिटांत तिनं बोट ठेवलं.

"हा तुकडा तीन फेऱ्यांचा आहे. तीन फेरे झाले की कॅरेज उजवीकडे उभं. आणि तुझा तो प्रोग्राम पुन्हा पहिली ओळ देतोय, डावीकडून निघ म्हणून. निघेल कसं? ते डावीकडे आहेच कुठं?"

"मग काय करायचं?"

"दुसऱ्या वेळेला तोच तुकडा उलटा वाचायचा. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. तिसऱ्या वेळेला पुन्हा सुलटा. आम्ही हातानं लिहिताना आपोआप करतो, तुमच्या कॉलेजवाल्यांना कोण सांगणार?"

बबडीनं हे ऐकलं तेव्हा ती कॉम्प्युटरसमोर दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसली. "आई हे तोंडी सांगते?" ती म्हणाली. त्या रविवारी तो नियम प्रोग्राममध्ये गेला.

आणि मग थोरलीलाच त्यात गोडी लागली. तीही दुपारची येऊन बसू लागली. गळा कसा उतरवायचा, काखेशी दर चौथ्या फेऱ्याला दोन टाके का कमी करायचे, लोकर जाड असेल तर कडेचा टाका किती सैल ठेवायचा, हे ती सांगायची, धाकटी लिहायची आणि बबडी प्रोग्राममध्ये बसवायची. ‘गळा’, ‘काख’, ‘बाही’, ‘खांदा’ असे नावं दिलेले तुकडे तयार होत गेले. पुढं तर ‘गळा बत्तीस, पुरे’ एवढं लिहिलं की थोरलीच्या डोक्यातला गळा ओळीओळीनं बाहेर पडायचा. थोरली ते बघून हसायची. "माझं भूत बसवलंय गं यात तुम्ही."

आठवड्याचं काम दीड दिवसात होऊ लागलं. बाकीच्या चौघी आठ दिवसांत शिकल्या. आणि मग सहा जणींनी मिळून एक गोष्ट ठरवली, ती न बोलताच ठरली म्हणा ना: मॅनेजरला सांगायचं नाही. नमुना पूर्वीइतक्याच दिवसांनी द्यायचा. मधल्या वेळात कुणी मुलांचे शर्ट शिवले, कुणी डोळे मिटून बसलं. दरवाजाजवळच्या टेबलावरची बाई पाळत ठेवायची आणि मॅनेजर दिसला की खोकायची. तिला इतका खोकला झालेला पाहून मॅनेजरनं एकदा तिला डॉक्टरकडे पाठवलं. थोरलीचा खांदा सैल झाला. एका सकाळी तिनं स्वतःच्या हातानं वेणी घातली आणि खाली येऊन धाकटीला पाठ करून दाखवली.

हे असं वर्षभर चाललं. बिघडवलं धाकटीनं.

एक मोठी मागणी आली होती, सहा मापांची, वेळ थोडा. मॅनेजर लिखाणखोलीत आला तो फोनवर बोलतच. पलीकडे हेड ऑफिसचं कुणीतरी होतं. तो बायकांकडे पाठ करून म्हणत होता, "नाही हो, कसं जमणार? आमच्या इथं लिखाणालाच तीन आठवडे. बायका आहेत, त्यांच्या त्यांच्या गतीनं चालतं. हो, ते आहेच, गप्पा, चहा..." आणि तो हसला.

दरवाजाजवळची खोकली. थोरली खाली मान घालून बसली. धाकटीच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. बारा वर्षं ती थोरलीची धाकटी होती. सात महिने रविवार घालवून तिनं जे उभं केलं होतं ते खोलीतल्या पाच बायका आणि घरची माणसं सोडून जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि हा माणूस पाठ करून हसत होता.

"परवा देते," ती म्हणाली.

मॅनेजरनं फोनवर हात ठेवला. "काय?"

"सहाही मापं. परवा संध्याकाळी."

थोरलीनं तिच्याकडे फक्त एकदा पाहिलं.

परवा संध्याकाळी तिनं सहाही मापं दिली. त्यानंतर मॅनेजर तिच्या खुर्चीमागं उभा राहून अर्धा तास बघत होता, आणि तिनं दाखवलं. ‘परत’ दाखवलं, ‘पुरे’ दाखवलं, नावं दिलेले तुकडे दाखवले. सांगताना तिचा चेहरा कसा उजळला होता, हे खोलीतल्या एका बाईनं नंतर तिला ऐकवलं. आठवड्याभरात हेड ऑफिसमधून लॅपटॉप घेऊन एक माणूस आला. बोलायला फार गोड. तो म्हणाला, हे सगळं लिहून काढा, म्हणजे आपल्या बाकीच्या कारखान्यांनाही वापरता येईल. धाकटीनं तीन आठवडे बसून चाळीस पानांची पुस्तिका लिहिली. टेबलापाशी बसलेला तिचा फोटो कंपनीच्या मासिकात आला. मासिकात छापलं होतं, की तिनं एका आधुनिक भाषेतल्या सोयी जुन्या यंत्राच्या भाषेत आणल्या. नवऱ्यानं ते पान कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

दोन महिन्यांनी चार पाकिटं आली. लिखाणखोलीत यापुढं दोघी पुरेशा आहेत, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. वयानं मोठ्या असलेल्यांना आधी मोकळं करायचं ठरलं होतं, म्हणून पहिलं पाकीट थोरलीचं.

थोरलीनं ते उभ्यानंच वाचलं. चष्मा काढून डबीत ठेवला, डबीचं झाकण दाबून लावलं. धाकटी उठून तिच्याजवळ गेली तर म्हणाली, "बस तू. तुझं काम आहे."

धाकटी थेट मॅनेजरच्या खोलीत गेली.

"ताईंना काढू नका," ती म्हणाली. "त्या यंत्राच्या भाषेत जे मी घातलंय ना, ते निम्मं त्यांचं आहे. निम्म्याहून जास्त. टाक्यांचं मला काय कळतं?"

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं, खणातून पुस्तिका काढली आणि चौदावं पान उघडून तिच्यासमोर सरकवलं. "हे तुम्हीच लिहिलंय ना?"

तिथं तिच्याच शब्दांत लिहिलं होतं: हे वापरण्यासाठी टाक्यांची माहिती असण्याची गरज नाही.

ते वाक्य लिहिलं त्या दिवशी तिला ते फार आवडलं होतं. तिनं ते बबडीला वाचूनही दाखवलं होतं.

"मग मीही सोडते," ती म्हणाली.

"तुमची मर्जी," मॅनेजर म्हणाला. "पुस्तिका आहे आमच्याकडे."

तिनं नोकरी सोडली नाही. घरी नवरा म्हणाला, कारखान्यातल्या दोन पगारांतला एक गेलाय, दुसराही घालवून कुणाचं भलं होणार? तो म्हणाला ते खरंच होतं. थोरलीही जिन्यातून म्हणाली, "नाटकं करू नकोस. बबडीचं वर्ष आहे अजून." धाकटीला वाटलं, चला, ती निदान रागावून तरी बोलली. पण थोरलीचं ते तिच्याशी ‘तू’ म्हणून बोललेलं शेवटचं वाक्य.

दुसऱ्या सोमवारी वर चूल मांडली गेली. भांडणतंटा झाला नाही. थोरली खाली आली, आपल्या वाटणीची भांडी एका टोपलीत भरली आणि धाकटीला म्हणाली, "ही परात तुमची की माझी? तुमचीच असेल. ठेवा."

धाकटीच्या हातातला चमचा तसाच राहिला. बारा वर्षांत तिनं या तोंडून ‘तुम्ही’ ऐकलं नव्हतं. शिव्या ऐकल्या होत्या, लाड ऐकले होते, ‘ए उतावळे’ ऐकलं होतं. "ताई, मला तुम्ही काय म्हणता?" ती म्हणाली.

"मोठ्या पदावर आहात. म्हणायला हवं."

बबडीनं काही दिवस दोन्हीकडे जेवायचा प्रयत्न केला. मग एका दुपारी, धाकटी सुट्टीवर घरी असताना, ती आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"काकू, ते उलटं वाचायचं कसं बसवायचं, हे तुला मी दाखवलं होतं."

"हो गं."

"गळ्याचंही. आई बोलत होती आणि मी टाइप करत होते. तिनं सांगितलेलं एकूण एक मीच घातलं त्यात. आणि आई मला काहीच बोलत नाही. तुला निदान टाकून बोलते. मला विचारते, जेवलीस का."

धाकटीनं तिला आत ओढायला हात पुढं केला. बबडी मागं सरली. "तू परवा देते का म्हणालीस?" ती म्हणाली. "फक्त एवढंच सांग. का म्हणालीस?"

धाकटीला त्याचं उत्तर माहीत होतं. पण ते एकवीस वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं, आणि तिच्या आईला तर त्याहून नाही. बबडी वर निघून गेली. पुढं ती पास झाली, दूरच्या गावात तिला नोकरी लागली. निघताना वाकून नमस्कार करायला खाली आली आणि काकूच्या पायांकडे बघूनच बोलली. तिचा फोन यायचा तो वरच. पलंगावर पडल्या पडल्या धाकटीला छतातून थोरलीचं हसणं ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत.

लिखाणखोलीत आता दोघीच. उरलेली दुसरी बाई आपणहून सोडून गेली, तिच्या जागी एक नवी मुलगी आली होती, चुणचुणीत. तिला टाका म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे माहीत असण्याची गरजही नव्हती. चार टेबलं काढून नेली तेव्हा फरशीवर त्यांच्या पायांचे फिकट चौकोन राहिले.

त्या वर्षी कारखान्यानं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लहान मुलांचे स्वेटर घेतले. मापांचं तर काही अवघड नव्हतं. नावाबरोबर आकडा द्यायचा: ‘गळा अठरा, पुरे’. मोठ्यांचा गळा त्याच प्रमाणात लहान होऊन बाहेर आला. दिसायला इतका सुरेख, की नमुना मॅनेजरनं आपल्या टेबलावर ठेवला. दीड महिन्यानं सगळी खेप परत आली. स्वेटर मुलांच्या डोक्यातून जात नव्हते. दोन वर्षांचं मूल अंगानं मोठ्या माणसाच्या पाव असेल, पण डोकं काही पाव नसतं. पूर्वी लहान मुलांचे चार-दोन नमुने यायचे ते थोरली एकटी लिहायची, आणि त्यांचा गळा ती प्रत्येक वेळी हातानंच उतरवायची. रविवारच्या त्या सगळ्या दुपारांत ते सांगायचं राहून गेलं होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"तुमच्या जाऊबाईंना विचारा की," मॅनेजर म्हणाला, जसं काही त्या बाजूच्याच टेबलावर बसल्या होत्या.

धाकटी संध्याकाळी वर गेली. कितीतरी महिन्यांनी तो जिना चढली. थोरलीनं दार उघडलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पाहुण्याला देतात तसं, पेल्याखाली बशी ठेवून. खिडकीजवळ लोकरीचे गुंडे होते. ती आता लोकांचे फाटके स्वेटर दुरुस्त करून द्यायची. धाकटीनं सगळं सांगितलं, आणि पिशवीतून एक परत आलेला स्वेटर काढून तिच्या मांडीवर ठेवला.

थोरलीनं गळ्यात तीन बोटं घालून ताणून पाहिलं. एका क्षणात तिला कळलं, हे धाकटीला दिसलं. बोटं ओळखीच्या जागी गेली आणि थांबली.

"किती टाके वाढवायचे, ताई? आणि कुठून?"

"तुम्ही पुस्तक लिहिलंत ना," थोरली म्हणाली. "त्यात बघा."

"त्यात नाहीये."

"मग नसेल."

"ताई, मुलांना घालता येत नाहीयेत हो. रडतात म्हणे, मध्येच अडकून."

"माझी नोकरी गेली तेव्हा माझंही मूल घरात होतं," थोरली म्हणाली आणि स्वेटरची नीट घडी घालून तो परत दिला. "मला माहीत आहे. सांगणार नाही."

धाकटी खाली आली. दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना ती वाटेवरच्या बालवाडीत थांबू लागली. बाईंची परवानगी काढून, शिवणकामाची फीत घेऊन मुलांची डोकी मोजू लागली. मुलं हसायची, पळायची, फीत ओढायची. साठ-सत्तर डोकी मोजून झाल्यावर तिला हिशेब सापडला. गळ्यासाठी ठरावीक वयाखाली वेगळाच नियम, आणि डाव्या खांद्यावर उघडणारी फट. कॉलेजच्या भाषेत ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ अशी एक सोय होती. बबडीनं ती तेव्हा सुचवली होती आणि हिनंच नको म्हटलं होतं, कशाला उगाच गुंता म्हणून. आता तिनं एकटीनं चाचपडत ती आपल्या भाषेत घातली. एकोणीस दिवस लागले. बबडीला फोन करावा असं रोज वाटायचं. केला नाही.

नवे स्वेटर मुलांच्या डोक्यातून सहज गेले. मॅनेजर म्हणाला, "छान," आणि दुसरा फोन उचलला. नव्या मुलीला काय बदललं ते समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "पण मॅडम, लिहायचं आम्ही तेच ना? गळा अठरा?"

हे ज्याला कळेल असं माणूस धाकटीला एकच माहीत होतं. ती पुन्हा जिना चढली. या वेळी आत गेली नाही, दारातच नवा स्वेटर पुढं धरला. "सापडलं," ती म्हणाली. "डोकी मोजली मी. बालवाडीत जाऊन."

थोरलीनं स्वेटर हातात घेतला. गळा पाहिला, फट पाहिली, खांद्यावरचे टाके नखानं मोजले. बराच वेळ मोजले. धाकटीला वाटलं, ही आता काहीतरी म्हणेल. ‘ए उतावळे’ म्हणेल.

"गळा बरोबर आहे," थोरली म्हणाली. मग तिनं स्वेटर उलटा केला, काखेत मूठ घातली आणि मूठ वर करून पाहिली. "काख तशीच ठेवलीत."

"काख? काखेला काय झालं?"

"लहान मूल हात वर करतं," थोरली म्हणाली. "सारखं. उचलून घे म्हणून." स्वेटर तिनं धाकटीच्या हातात दिला. "पुढची खेप परत येईल तेव्हा कळेल तुम्हाला."

तिनं दार लोटलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला नाही. धाकटी जिना उतरू लागली. निम्म्या जिन्यावर तिनं स्वेटरच्या काखेत आपली मूठ घालून पाहिली. लोकर कुठं ओढली जाते, कुठं नाही, हे तिच्या बोटांना काही केल्या कळेना.